पातेल्यांच्या दुलया

माईंचं नाक हे त्या आरोग्यधामातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र होतं, आणि त्याला वीज लागत नसे. शस्त्रक्रिया आटोपलेले, पण अजून घरी जाण्याइतके सावरले नाहीत असे लोक तिथे विश्रांतीला येत. वरच्या दोन मजल्यांवर त्यांच्या खाटा, तळमजल्यावर स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात माईंचा शब्द शेवटचा. मॅनेजर बदलले, डॉक्टर बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला, पण माईंचा शब्द काही बदलला नाही.

दिवस सुरू व्हायचा तो झाकणं उघडण्याने. आदल्या संध्याकाळी शिजवून कोल्डरूममध्ये ठेवलेलं सूप, उकडलेले बटाटे, कस्टर्ड, दूध, सगळं ओट्यावर रांगेने मांडलं जाई. माई हात मागे बांधून त्या रांगेवरून फिरत, एकेका भांड्यापाशी किंचित वाकत आणि म्हणत, "चालेल." नाहीतर म्हणत, "नाही चालणार." तिसरा शब्द कुणी ऐकला नव्हता. नाही चालणार म्हटलेलं भांडं सरळ मोरीत ओतलं जाई आणि का म्हणून विचारायची कुणाची छाती होत नसे. एकदा दूधवाल्याने ती छाती केली. दूध ताजं आहे म्हणून शपथा घेतल्या, तावातावाने कॅन ठेवून गेला, आणि दुपारी ते दूध सगळ्यांच्या देखत नासलं. तेव्हापासून तोही माईंनी मान हलवल्याशिवाय कॅन खाली ठेवत नसे.

असं नाक म्हटलं की त्याचे लाडही पुरवावे लागतात. कोल्डरूम एकच. त्यात चिरलेला कांदा, मासे, चीज, फळं, सगळ्यांचा एकत्र संसार. सुपाला कांद्याचा वास लागला की माईंच्या कपाळाला आठी पडायची. म्हणून त्यांनी जुन्या जाड ब्लँकेटांचे तुकडे दुहेरी शिवून पातेल्यांसाठी दुलया केल्या होत्या. सूप चुलीवरून उतरलं की घट्ट झाकण, त्यावर दुलई, दुलईला नाड्या, आणि मग पातेलं कोल्डरूममध्ये. हे काम पैलवानबाईंचं. पैलवानबाई भांडी घासत आणि माणूसभर वजनाची पातेली एकट्या उचलत, म्हणून हे नाव. नाड्या बांधून झाल्या की त्या पातेल्यावर हलकेच थाप मारत आणि म्हणत, "झोप बाळा." सकाळी दुलई काढली की सूप कोमट लागे, आणि त्याचंही कौतुकच होतं, कारण कोमट सूप लवकर उकळतं आणि गॅस वाचतो.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना माईंना ताप आला. ताप चार दिवसांत उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला.

हे कळलं तेही विचित्र रीतीने. घरी चहाचं दूध तापत ठेवून त्या पेपर वाचत बसल्या होत्या. डोळ्यांत धूर गेला तेव्हा वर पाहिलं, तर दूध केव्हाचं उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. खोलीभर करपट वास असणार, पण माईंना तो आलाच नाही. मग त्यांनी साबण हुंगला, लसूण ठेचून हुंगला, रॉकेलच्या बाटलीचं बूच उघडलं. कशातच काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. वाट बघायची.

माईंनी कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकायची युक्तीही त्यांच्याजवळ होती, ती म्हणजे त्यांची भाची. सख्ख्या बहिणीची ही मुलगी हाताखाली तयार व्हावी म्हणून त्यांनीच तिला कामाला आणलं होतं. घरी ती त्यांना मावशी म्हणे आणि तू म्हणे, पण स्वयंपाकघरात सगळ्यांसारखीच माई आणि तुम्ही. पोरगी गुणाची, हात चलाख, पण तोंडातून 'नाही' म्हणून निघायचं नाही. वरच्याने म्हटलं सूर्य पश्चिमेला उगवतो, तर ही पश्चिमेची खिडकी उघडणार. मात्र काही बिघडलेलं समोर आलं की तिच्या भुवया आपोआप जवळ यायच्या. माई पातेल्यावर वाकताना आता पातेल्याकडे बघतच नव्हत्या, त्या भाचीच्या भुवया बघत होत्या.

नाटक छान वठत होतं, पण माईंची झोप उडाली होती. वरच्या मजल्यावर कुणाच्या पोटाला टाके, कुणाचं आतडं नुकतंच जोडलेलं. त्यांच्यापुढे जाणारा प्रत्येक घास एका पोरीच्या भुवयांवर पास होत होता. हे उघड झालं तर माईंचा शब्द गेला, आणि झाकून ठेवता ठेवता एखादा घास चुकला तर कुणाचा तरी जीव जाईल. माईंना दोन्ही परवडणारं नव्हतं. मग त्या बाजारात गेल्या आणि काटे-वजनं विकणाऱ्या दुकानातून त्यांनी अन्नात खुपसायचा थर्मामीटर घेतला. लांब सुई आणि वर गोल तबकडी. दुकानदाराने सवयीने विचारलं, ताप कुणाला आलाय. माई म्हणाल्या, सुपाला. तो हसला. माई हसल्या नाहीत.

थर्मामीटरसोबत एक घडीचा कागद होता, तो त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. अन्न एकतर साठ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर पाचाच्या खाली गार. मधला सगळा पट्टा जंतूंच्या सोयीचा. गारठ्याने जंतू मरत नाहीत, नुसते पेंगतात, आणि ऊब मिळाली की उठून कामाला लागतात. माईंना हे वाचून फारसं नवल वाटलं नाही. गरम ते गरम, गार ते गार, हे त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. पण गार म्हणजे नेमकं किती, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

थर्मामीटर चष्म्याच्या डबीत आणि डबी एप्रनच्या खिशात, अशी चोरटी तपासणी सुरू झाली. कोल्डरूममध्ये मागच्या मांडणीवर पाण्याचा पेला ठेवला, चार अंश. दाराजवळच्या मांडणीवर ठेवला, नऊ. दार दिवसभर उघडझाप होतं, बाहेरची गरम हवा आधी तिथेच पोचते. आणि दूध कुठे असायचं, तर दाराशी, पटकन हाती लागावं म्हणून. माईंनी हुकूम सोडला, दूध आणि कस्टर्ड मागे, बटाटे आणि भोपळे दाराशी. का म्हणून कुणी विचारलं नाही. नाकाला काहीतरी कळलं असणार, असंच सगळ्यांनी धरलं. माई मनात म्हणाल्या, हे तर फारच सोपं आहे, इतकी वर्षं उगाच वाकून वाकून कंबर मोडली.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. कोल्डरूममध्ये जाऊन सुपाच्या मोठ्या पातेल्याच्या नाड्या सोडल्या, झाकण उचललं आणि सुई मधोमध खोल खुपसली. काटा वर चढू लागला आणि अडतिसावर जाऊन थांबला. माईंना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी पेल्यात बर्फाचा चुरा आणि पाणी कालवून त्यात सुई धरली. काटा शून्यावर आला. पुन्हा सुपात घातली, पुन्हा अडतीस. यंत्र ठणठणीत होतं. कोल्डरूमच्या ऐन गारठ्यात, रात्रभर, कोंबडीचं सूप तापल्या अंगासारखं ऊबदार राहिलं होतं. दुलई बाहेरचा वास आत येऊ देत नव्हती हे खरं, पण आतली ऊबही ती बाहेर जाऊ देत नव्हती. दुलईचं कामच ते. माई हातातल्या नाड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. हा टाका त्यांनीच घातलेला होता.

त्यांनी पातेलं तसंच ठेवलं आणि त्या तडक वर गेल्या, थोरल्या सिस्टरांकडे. सिस्टर गोळ्यांच्या वाट्या लावत होत्या. माईंनी आडून विचारलं, समजा एखादं सूप अंगाइतकं कोमट रात्रभर राहिलं, तर?

"तर ते सूप नाही, पाळणाघर आहे," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

"पण वास चांगला असला तर? चांगल्या नाकाने पास केलं तर?"

सिस्टरांनी आता मान वर केली आणि शांतपणे समजावलं. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला पाडणारे बरेचदा वेगळे. पहिल्यांचा वास येतो. दुसरे चोरपावलांनी येतात, त्यांना वास नाही, चव नाही, रंग नाही. सकाळी उकळलं तर बरेचसे मरतात, पण त्यातले काही मरण्याआधी आपलं विष टाकून जातात, आणि ते विष उकळून जात नाही. मग आपल्याच नादात त्या पुढे म्हणाल्या, इथे आपल्याकडे तसं काही नाही, माई आहेत ना. अधूनमधून दोघा-चौघांची पोटं बिघडतात, पण ती औषधांमुळे.

माई जिना उतरू लागल्या. अधूनमधून बिघडणारी ती पोटं औषधांमुळेच बिघडत असतील. नसतीलही. हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. नाक गेल्याचं इतके दिवस वाटत असलेलं दुःख त्या जिन्यावर कुठल्या कुठे गेलं. नाक होतं तेव्हाही ते या पातेल्याला चालेल म्हणत होतं, आणि या दुलया तर त्याच नाकाचे लाड होते. पण माई हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटच्या पायरीपर्यंत त्यांचं ठरलं होतं. ते सूप मोरीत जाणार.

खाली झाकणं उघडून रांग लागली होती. भाची होती, पैलवानबाई होत्या, कोठी सांभाळणारे काका होते, आणि नेमके त्याच सकाळी मॅनेजरसाहेबही आले होते. माई सुपापाशी आल्या. भाचीच्या भुवया अगदी सरळ होत्या. सूप वासाला उत्तमच असणार. आता यांना काय सांगायचं? काटा, अंश, पट्टा, हे सगळं सांगायला बसलं तर पहिला प्रश्न येईल, माई, तुम्हाला थर्मामीटर कशाला लागतो? आणि इथे तर दोन शब्दांत काम होत होतं. माई वाकल्या, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "नाही चालणार. आंबूस वास येतोय."

कोठीकाका पुढे झाले. त्यांनी लांब श्वास घेतला आणि गंभीरपणे मान डोलावली. येतोय खरा, म्हणाले, जरासा. भाचीने हुंगलं, क्षणभर थांबली, आणि मग तिच्याही भुवया जवळ आल्या. हो, तळाशी आहे वास, ती म्हणाली. मॅनेजरसाहेब म्हणाले की त्यांना तर दारातून आत येतानाच शंका आली होती. पैलवानबाईंनी दोनदा हुंगलं, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदराने नाक झाकलं. पातेलं मोरीत रिकामं झालं.

माईंना आधी हसू आलं. ते त्यांनी खोकल्यावर निभावलं. मग हळूहळू ते हसू मावळलं. ज्या वासाचा पत्ताच नव्हता, तो या चौघांना आला होता. म्हणजे माई म्हणतील तो वास यांना येणार. आणि माई चालेल म्हणतील, तेव्हा खरोखरचा वासही यांना यायचा नाही. जिच्या भुवयांवर इतके दिवस विश्वास टाकला, त्या भुवयासुद्धा माईंच्याच तोंडाकडे बघून हलत होत्या. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा, तसं चाललं होतं.

तरी काम तर झालं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती समजूत संध्याकाळपर्यंतच टिकली. उद्याचं सूप चुलीवरून उतरलं आणि माई हात धुऊन वळतात तो काय, पैलवानबाई पातेल्याला एकावर एक दोन दुलया बांधत होत्या. वर तिसरीची घडी तयार होती. कोठीकाका नाड्या धरून उभे, आणि मॅनेजरसाहेब जातीने देखरेख करत होते. सकाळचा प्रसंग पुन्हा नको, ते म्हणाले. कोल्डरूमचाच वास सुपात शिरला असणार. त्यांनी नव्या ब्लँकेटांची मागणीही लिहून ठेवली होती, आणि आता औषधांच्या कोठीतल्या मालावरूनही माईंनी एकदा नाक फिरवावं, असा त्यांचा विचार होता.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते असं. आणखी दोन दुलया म्हणजे सूप सकाळी अडतीस नाही, पंचेचाळीस असणार. उद्या पुन्हा आंबूस म्हणायचं, मग परवा चार दुलया. माईंनी एप्रनच्या खिशातली डबी मुठीत धरली. ही एक डबी बाहेर काढली की जन्माची कमाई ओट्यावर ठेवल्यासारखं होतं. पण वरच्या मजल्यावर टाक्यांवर हात ठेवून जपून हसणारी ती माणसं त्यांना दिसत होती, आणि त्यांच्यापुढे या कमाईची किंमत काय ते त्यांना सकाळीच जिन्यावर कळलं होतं.

"सोडा त्या दुलया," माई म्हणाल्या. "सगळ्या सोडा. मला वास येत नाही."

पैलवानबाईंनी घाईने सुपावर वाकून हुंगलं आणि म्हणाल्या, चांगला आहे की, काहीच नाही येत.

"तसं नाही. मला कसलाच वास येत नाही. ताप आला तेव्हापासून. कांद्याचा नाही, करपल्याचा नाही, कसलाच नाही. इतके दिवस मी नुसती वाकत होते."

कोठीकाकांनी हातातली नाडी सोडली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग सकाळी आम्हाला कसला वास आला?"

"तेच मला तुम्हाला विचारायचंय."

पहिल्या बोलल्या पैलवानबाई. "मला तर आलाच नव्हता. पण सगळ्यांना येतोय म्हटल्यावर मला वाटलं, माझंच नाक गेलं." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की भाचीलाही हसू फुटलं. मॅनेजरसाहेबांना मात्र हसणं जमलं नाही. ते म्हणाले, हे जरा गंभीर आहे माई, याचा विचार करावा लागेल. माई म्हणाल्या, अवश्य करा, पण तोवर हा ट्रे धरा.

आणि त्यांनी सगळ्यांना कामाला जुंपलं. थर्मामीटर धुऊन पुसून सगळ्यांच्या देखत सुपात घातला आणि भाचीला आकडा मोठ्याने वाचायला लावला. मग अर्धं सूप पसरट ट्रेंमध्ये ओतलं, दोन-तीन बोटं खोल, त्याहून जास्त नाही. मोठ्या हौदात पाणी आणि बर्फ घालून ट्रे त्यात बसवले, आणि कोठीकाकांच्या हाती पळी दिली. ढवळत राहा, म्हणाल्या. उरलेलं सूप पातेल्यातच ठेवलं आणि मुद्दाम त्याच्यावर एक दुलई घातली. बाकीची आवराआवर होईपर्यंत ट्रेमधल्या सुपाचा काटा सरसर उतरून कोल्डरूममध्ये ठेवण्याजोगा झाला होता. दुलईतल्या पातेल्याचा काटा जागचा हललाही नव्हता. पैलवानबाईंनी त्या पातेल्याला हात लावून पाहिला, मग दुलईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि मी याला रोज झोपवत होते. हा रात्रभर जागाच की."

मॅनेजरसाहेबांनी एकच शंका काढली. असं उथळ पसरून ठेवलं तर नुसत्या झाकणाने कांद्याचा वास नाही का लागणार? माई म्हणाल्या, लागू दे. कांद्याच्या वासाने आजवर कुणी खाट धरलेली नाही.

सकाळची रांग तशीच राहिली, पण आता झाकणं उघडल्यावर सुई फिरे आणि ज्याच्या हाती सुई तो आकडा बोले. पहिले काही दिवस अवघडच गेले. कोठीकाका आकडा वाचून झाला तरी चोरून हुंगत, आणि हुंगताना माई बघतायत का ते बघत. मॅनेजरसाहेबांचा विचार चालूच होता. स्वयंपाकघरात माईंकडे आता पूर्वीसारखं दबून कुणी बघत नव्हतं, आणि माईंना ते जाणवत होतं. आपण रांगेच्या कडेला नुसत्याच उभ्या आहोत असं त्यांना कधीकधी वाटायचं, आणि वाईट वाटायचं. पण वरून थोरल्या सिस्टरांकडून पोटांची तक्रार आली नाही, की तो दिवस त्यांना गोड जायचा.

मग एक दिवस असा आला. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते, शाळेचे निवृत्त घंटावाले. तीन आठवडे पेज आणि पाणी यांवर काढलेले. आता टाके निघाले होते आणि ते दुपारी घरी जाणार होते. जाताना माईंच्या हातचं कस्टर्ड खाऊनच जाणार, असं त्यांनी हट्टाने सांगून ठेवलं होतं. माईंनी ते स्वतः केलं. अंडी स्वतः फेटली, दूध स्वतः आटवलं, मंद आचेवर ढवळत उभ्या राहिल्या, रीतसर गार करून ट्रे मागच्या मांडणीवर ठेवला. वास येत नसला तरी हात तेच होते, आणि कस्टर्ड असं जमून आलं होतं की ट्रे हलवला तर मखमलीसारखं थरथरावं.

त्या सकाळी भाजीचा टेम्पो आला. गोणी आत घेताना कुणीतरी कोल्डरूमच्या दाराला पेटी लावून ते उघडं ठेवलं, आणि गोणींना जागा व्हावी म्हणून मागचे ट्रे पुढे ओढले. टेम्पो गेला, पेटी तिथेच राहिली. हे कळलं तेव्हा सकाळ उलटून गेली होती. दूध, सूप, एकेक मोजत भाची कस्टर्डपाशी आली. तिने सुई घातली, आणि पुन्हा एकदा घातली.

वर गृहस्थ कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा मुलगा न्यायला आला होता. मॅनेजरसाहेब दारात वाटीची वाट बघत उभे. माईंनी तबकडीकडे पाहिलं. काटा बाराच्या पुढे होता आणि किती वेळ तिथे होता हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी कस्टर्डकडे पाहिलं. ते पिवळंधमक, गुळगुळीत, जसंच्या तसं होतं.

"काही होत नाही एवढ्याने," माई म्हणाल्या. "मी केलंय, मला ठाऊक आहे. वाटी भर."

कोठीकाकांनी लगेच मान डोलावली. पैलवानबाईंनी वाटी पुढे केली. भाचीने वाटी घेतली, पळी घेतली, आणि पळी कस्टर्डवर धरून ती तशीच उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"भर ना."

"नाही, मावशी."

स्वयंपाकघरात तिने त्यांना कधी मावशी म्हटलं नव्हतं. आणि 'नाही' तर कुठेच म्हटलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"हे नाही वाढायचं. त्यांचं पोट आत्ता कुठे बरं झालंय. तू म्हणालीस तरी मी नाही वाढणार." तिने पळी खाली ठेवली.

माईंना राग आला. सगळ्यांच्या देखत, मॅनेजरसाहेबांसमोर, हातात धरून शिकवलेल्या पोरीने शब्द मोडला होता, आणि तो मोडताना कुणी तिला अडवलंही नव्हतं. राग डोक्यापर्यंत चढला, तिथे जरा घोटाळला, आणि मग त्यांना दिसलं की त्या स्वतः काय वाढायला निघाल्या होत्या. त्यांनी भाचीकडे नीट पाहिलं. तिच्या भुवया जवळ आलेल्या नव्हत्या. ती कुणाच्या तोंडाकडेही बघत नव्हती, माईंच्यासुद्धा. ती काट्याकडे बघत होती.

माईंनी ट्रे उचलला, मोरीपाशी नेला आणि चमच्याने खरवडून खरवडून सगळं कस्टर्ड स्वतःच्या हाताने टाकलं. ट्रे घासून उपडा घातला, हात पुसले, वर गेल्या आणि म्हाताऱ्या गृहस्थांना सरळ सांगितलं की कस्टर्ड झालं होतं, छान झालं होतं, पण दार उघडं राहिलं आणि ते तुम्हाला देण्याजोगं उरलं नाही. ते हिरमुसले. तीन आठवडे वाट बघितली हो, म्हणाले. माईंनी त्यांच्या मुलाला कृती सांगितली, तोंडीच, दोनदा, आणि गार कसं करायचं ते तीनदा.

खाली आल्या तेव्हा भाची भिंतीकडे तोंड करून बटाटे सोलत होती. खांदे आकसलेले, कुणीतरी आता आपल्याला ओरडणार अशा तयारीत. माई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही एक बटाटा उचलला.

"पुढच्या आठवड्यात मी तुझ्या आईकडे राहायला जाणार आहे," त्या म्हणाल्या. "साहेबांना सांगून आले."

भाचीने दचकून मान वळवली. माई रजेवर गेल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं. "आणि इथे?"

"इथे काय? इथे तू आहेस."

"मला कुठे सगळं येतं, मावशी."

"बाकीचं येतं सगळ्यांनाच," माई बटाट्याची साल लांबच लांब काढत म्हणाल्या. "मला 'नाही' म्हणता येणारं इथे कुणी नव्हतं, म्हणून जाता येत नव्हतं."